बाबा भूमिगत कोळसा खाणीत ड्रिलर होते, टीबीची औषधं दोनदा झाली, दम वाढतोच आहे

मेघना_पुणे

नमस्कार. इथे चंद्रपूर, बल्लारपूर, वणी पट्ट्यातले बरेच जण लिहितात म्हणून इथेच विचारते आहे.

माझे बाबा 67 वर्षांचे आहेत. चंद्रपूरजवळच्या एका भूमिगत खाणीत 1981 साली लागले आणि 2018 ला निवृत्त झाले. आधी लोडर, मग बरीच वर्षं ड्रिलर, शेवटची काही वर्षं वरती स्टोअरमध्ये. खोकला नोकरीत असल्यापासूनच होता. आमच्या कॉलनीत सकाळी प्रत्येक घरातून तोच आवाज यायचा, त्यामुळे त्याचं कोणालाच काही वाटत नसे. निवृत्तीनंतर वर्षभरात दम लागायला लागला. तिथल्या दवाखान्यात एक्सरे काढला आणि टीबी सांगितला. थुंकीत जंतू मिळाले नव्हते, पण सहा महिने औषधं दिली. तात्पुरतं बरं वाटलं. 2022 ला पुन्हा तेच: एक्सरे, टीबी, सहा महिने गोळ्या. वजन 58 वरून 49 वर आलं.

दिवाळीनंतर त्यांना पुण्याला घेऊन आले. आंघोळ स्टुलावर बसून करतात आणि मध्येच तांब्या खाली ठेवून थांबतात. शर्टची बटणं लावून झाली की पलंगाच्या कडेला दोन्ही हात टेकून, खांदे वर करून बसून राहतात. बोलायला लागले की वाक्य अर्ध्यावर तुटतं. कधीकधी थुंकीत काळपट रंग दिसतो. निवृत्त होऊन सात वर्षं झाली, तरी काळं कसं येतं?

इथल्या डॉक्टरांनी छातीचा सीटी केला. दोन्ही फुप्फुसांच्या वरच्या भागात गाठी आहेत, उजवीकडची मोठी, आजूबाजूला बारीक दाणे आणि एम्फिसीमा (फुप्फुसातल्या हवेच्या पिशव्या फुगून खराब होणं). शेवटी लिहिलंय की न्युमोकोनिओसिस (धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार) किंवा जुना टीबी असू शकतो, कॅन्सर नाकारता येत नाही. डॉक्टरांनी विचारलं, काय काम करत होते? मी म्हटलं, कोळशाच्या खाणीत होते. त्यांनी तेवढंच लिहून घेतलं आणि बायॉप्सी (सुईने गाठीचा तुकडा काढून तपासणं) सुचवली. बाबा ऐकायला तयार नाहीत. म्हणतात, "मले काही झालं नाही, म्हातारपण आहे. सुई टोचून राहिले तर मी गावाले चाललो."

मला समजून घ्यायचंय की हा खाणीचाच आजार आहे का, बायॉप्सी करावीच लागते का, आणि खाणीमुळेच झालं असेल तर इतक्या वर्षांनी कंपनीकडे काही मागता येतं का. बाबा बिडी ओढायचे, 2005 च्या आसपास सोडली. ज्यांनी घरात हे पाहिलंय त्यांनी कृपया लिहा.

श्रीकांत_उमरेड

माझ्या मामांचं असंच झालं होतं, पण ते ओपनकास्टला (उघड्या खाणीत) डंपरवर होते. त्यांना सीओपीडी (श्वासनलिकांचा जुनाट आजार) निघाला आणि सगळ्यांनी बिडीवर ढकललं. फुंकर मारायची तपासणी, स्पायरोमेट्री, झाली का बाबांची? तुम्ही लिहिलेलं नाही. सीटीच्या आधी तीच सांगतात बहुतेक ठिकाणी.

जुना_ओव्हरमन

मेघनाताई, मी बल्लारपूर भागात भूमिगत खाणींत आधी माइनिंग सरदार आणि मग ओव्हरमन होतो, म्हणजे खाली कामावर देखरेख करणारा. निवृत्तीनंतर आम्ही काही जण आजारी साथीदारांचे कागद लावून देतो, त्यामुळे तुम्ही लिहिलाय तसा रिपोर्ट माझ्या ओळखीचा आहे. मी डॉक्टर नाही. गाठ कसली हे छातीचे डॉक्टरच सांगतील. पण त्यांना जे कळायला हवं ते तुमच्या बाबांशिवाय कोणी सांगू शकत नाही, आणि त्याच्याबद्दलच लिहितो.

"खाणीत होते" एवढ्यावर भागत नाही. खाणीत हजेरीबाबू असतो, पंपवाला असतो, लॅम्परूममधला माणूस असतो. त्यांच्या छातीत गेलेली धूळ आणि ड्रिलरच्या छातीत गेलेली धूळ यांची बरोबरी होत नाही. बाबांना शेजारी बसवा आणि कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत कोणतं काम, कोणत्या पिटात किंवा इन्क्लाइनमध्ये (उतरत्या बोगद्याच्या खाणीत), असं कागदावर उतरवून घ्या. त्यांना सगळं आठवत असेल. खाणीतल्या माणसाला पगाराचा आकडा आठवणार नाही, पण आपलं डिस्ट्रिक्ट (खाणीतला कामाचा विभाग), आपला सरदार आणि कुठल्या साली कुठे छत बसलं होतं, हे झोपेतही आठवतं.

1981 ला लोडर म्हणजे काय, ते तुम्हाला सांगतो. कोळशात ड्रिल मारून भोकं पाडायची, त्यात बारूद भरून शॉटफायररने (सुरुंग उडवणाऱ्याने) उडवायचं, आणि मग लोडरची जोडी बेलचा (फावडं) आणि टोपली घेऊन फेसवर, म्हणजे कोळसा काढायच्या जागी, जायची. धूर आणि धूळ निवायला वेळ द्यायचा असतो. पण लोडरची मजुरी भरलेल्या टबावर (कोळसा वाहणाऱ्या डब्यावर) होती. थांबला की टब कमी, टब कमी की पैसा कमी. म्हणून माणसं धुरातच शिरायची. मी सरदार म्हणून कितीही ओरडलो तरी शिरायची, आणि त्यांना दोष देणं मला कधीच जमलं नाही.

ड्रिलरचं याहून वाईट. हाताने धरायचं इलेक्ट्रिक ड्रिल, ते छातीने आणि खांद्याने रेटायचं, भोक दीड मीटरपर्यंत खोल. भोकातून निघणारी भुकटी सरळ तोंडावर. पाणी सोडून ओलं ड्रिलिंग करायचा नियम आहे, पण पाण्याची लाइन फेसपर्यंत आलेली नसेल तर कोरडंच चालायचं. आता एक गोष्ट बाबांना नक्की विचारा: छतात भोकं पाडली का? रूफ बोल्टची, म्हणजे छत धरून ठेवणाऱ्या सळ्यांची? पूर्वी छताला लाकडाचे ठोकळे आणि थुण्या लावायचे, मग बोल्ट आले. बोल्टमुळे छत कोसळून मरणारी माणसं वाचली, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे आणि त्याबद्दल मला कृतज्ञता आहे. पण आपल्या वर्धा खोऱ्यात कोळशाच्या वर वाळूचा दगड आहे. त्यात भोक पाडलं की कोळशाची नाही, दगडाची पूड निघते. तिच्यात सिलिका असते आणि सिलिका कोळशापेक्षा फार जास्त घातक. बोल्टिंग करणारा माणूस मान वर करून उभा असतो आणि ती सगळी पूड त्याच्या चेहऱ्यावर येते. ज्यांनी बोल्टिंग केलं किंवा दगडातलं ड्रायव्हेज (बोगदा खोदणं) केलं, त्यांची छाती इतरांच्या आधी गेली. आमच्या पाहण्यातली गोष्ट आहे ही.

हवेचंही विचारा. फेसपर्यंत ताजी हवा जावी म्हणून ब्रॅटिसचा पडदा लावतात. टब काढताना तो अडतो म्हणून गुंडाळून ठेवला, की आतल्या हेडिंगमध्ये (बंद टोकाच्या बोगद्यात) धूळ पाळी संपेपर्यंत लटकून राहते. कॅप लॅम्पच्या झोतात जी चमकताना दिसते ती जाड धूळ. ती नाकात, घशात अडकते आणि काळ्या शेंबडातून निघून जाते. फुप्फुसाच्या तळाशी पोचते ती पाच मायक्रॉनच्या खालची, आणि ती झोतातही दिसत नाही. आम्ही सगळे तोंडाला दुपट्टा बांधायचो. दुपट्ट्याने जाड धूळ अडते, बारीक अडत नाही. बाबांनी दुपट्टा बांधला होता म्हणून त्यांना काही झालं नसेल, असं कोणी म्हटलं तर मान्य करू नका.

आता कागद. बाबांच्या काळी खाणीत लागताना वैद्यकीय तपासणी व्हायची आणि पुढे निदान दर पाच वर्षांनी, छातीच्या एक्सरेसकट. माइन्स रूल्स 1955 चा 29 ब नियम. तिचा रिपोर्ट फॉर्म ओ वर लिहायचे. बाबांच्या नोकरीत असे बरेच फॉर्म आणि एक्सरे झालेले असणार. घरी एखादी प्रत आहे का बघा, नसेल तर कंपनीकडे मागा. कंपनी सरकारी असेल तर माहितीच्या अधिकारात मागता येतात. त्यासोबत सर्व्हिस रेकॉर्डची, म्हणजे कोणत्या तारखेला कोणत्या पदावर होते याची, प्रतही मागा. तुमच्याकडचे टीबीचे दोन्ही वेळचे केसपेपर आणि एक्सरे एक कागदही न फेकता जपा. "निवृत्तीनंतर वर्षभरात दम लागायला लागला" हे तुम्ही सहज लिहून गेलात. कायद्याच्या दृष्टीने तेच सगळ्यात मोलाचं वाक्य आहे.

का ते सांगतो. बाबा निवृत्त झाले तेव्हा कर्मचारी नुकसानभरपाई कायदा 1923 लागू होता. त्याच्या तिसऱ्या परिशिष्टात खनिज धुळीने होणारे फुप्फुसाचे आजार व्यवसायजन्य म्हणून नोंदवलेले आहेत. दावा दोन वर्षांत करायचा असतो. पण माणूस काम सोडून गेला आणि त्यानंतर दोन वर्षांच्या आत त्या कामाच्या आजाराची लक्षणं दिसली, तर लक्षणं पहिल्यांदा सापडली तो दिवस अपघाताचा दिवस धरतात. तुमचा 2019 चा केसपेपर तिथे कामाला येईल. मुदत उलटली असेल तरी पुरेसं कारण दाखवलं तर भरपाईचे दावे ऐकणारे आयुक्त उशीर माफ करू शकतात. टीबी सांगून टीबीचीच औषधं दिली, खरा आजार कोणी सांगितलाच नाही, हे माझ्या मते पुरेसं कारण आहे. आयुक्तांना काय वाटेल ते मी सांगू शकत नाही, म्हणून खाणकामगारांचे दावे चालवलेला वकील गाठा. बँकेची आणि जमिनीची कामं करणाऱ्याकडे हे प्रकरण देऊ नका.

आणखी एक, जे पुण्यातल्या डॉक्टरांना माहीत नसण्याची शक्यता आहे. खाणकामगारांचा न्युमोकोनिओसिस 1952 पासून कळवणं बंधनकारक असलेला आजार आहे. माइन्स अॅक्टच्या 25 व्या कलमात स्पष्ट होतं की उपचार करणाऱ्या डॉक्टरने, मग तो कुठलाही असो, रुग्णाचं नाव, आजार आणि तो शेवटी ज्या खाणीत कामाला होता तिचं नाव खाण सुरक्षा महानिदेशालयाला कळवायचं. 2020 च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही डॉक्टरवरची ही जबाबदारी कायम आहे. निदान पक्कं झालं की डॉक्टरांना नम्रपणे सांगा की हे कळवा आणि त्याची प्रत आम्हाला द्या. जो आजार कोणी कळवत नाही तो सरकारी आकड्यात येत नाही. आकड्यात नाही म्हणून मग वरचे लोक म्हणतात की आपल्याकडे हा आजार फारसा नाहीच. या गोष्टीचा मला फार राग येतो. खोकणाऱ्या माणसांची रांग लागलेली असते आणि रजिस्टर कोरं असतं.

बाबा म्हातारपण म्हणतात, ते मला समजतं. आजार मान्य केला की आपण निकामी ठरलो असं वाटतं. त्यांना सांगा, त्यांच्यासारखेच 67 वर्षांचे शेतकरी आजही बांधावरून चालत जातात. त्यांचा दम वयाने गेलेला नाही. कामाने गेला आहे, आणि कामाचा हिशेब मागणं म्हणजे भीक मागणं नव्हे.

छातीरोग_नागपूर

ओव्हरमन काकांनी कामाच्या इतिहासाबद्दल लिहिलंय ते प्रत्येक निवासी डॉक्टरने वाचावं असं आहे. मी वैद्यकीय बाजू लिहितो. सीटी न पाहता निदान करत नाही, हे लक्षात ठेवूनच वाचा.

दोन्ही बाजूंना, वरच्या भागात गाठी, भोवती बारीक दाणे, एम्फिसीमा आणि वर्षानुवर्षं ड्रिलिंग. हे चित्र प्रोग्रेसिव्ह मॅसिव्ह फायब्रोसिसचं असू शकतं, म्हणजे कोळसा कामगारांच्या न्युमोकोनिओसिसचं पुढचं रूप. सुरुवातीला फुप्फुसात धुळीभोवती बारीक दाणे तयार होतात, तेव्हा माणसाला फारसा त्रासही नसतो. काहींमध्ये ते दाणे एकत्र येऊन मोठ्या गाठी होतात, आजूबाजूचं फुप्फुस ओढलं जातं, फुगतं. यातली सगळ्यात क्रूर गोष्ट म्हणजे धूळ बंद झाली तरी हे थांबेलच असं नाही. आत बसलेली धूळ बाहेर येत नाही, आणि निवृत्तीनंतरही आजार वाढू शकतो. तुम्ही विचारलेल्या काळ्या थुंकीचं उत्तरही यातच आहे. अशी गाठ आतून पोकळ होऊ लागली की तिच्यातला जुना काळा ऐवज खोकल्यातून येतो.

बायॉप्सीबद्दल. कॅन्सर वेगळा काढावाच लागतो, यात दुमत नाही. पण एम्फिसीमा असलेल्या फुप्फुसात सुई घालताना हवा बाहेर निसटून फुप्फुस मिटण्याचा धोका जास्त असतो. आणि पेट स्कॅनमध्ये या गाठीही कॅन्सरसारख्या चमकू शकतात, त्यामुळे फक्त त्यावरही विसंबता येत नाही. अशा वेळी जुन्या एक्सरेंची किंमत सोन्यासारखी असते. 2010 च्या एक्सरेत ती सावली थोडी लहान पण त्याच जागी असेल, तर कॅन्सरची शक्यता खूप कमी होते. वर्षभरातच नवी उगवलेली किंवा वेगाने वाढलेली असेल तर बायॉप्सी टाळू नका. तेव्हा तुमच्या डॉक्टरांना विचारा की जुने एक्सरे मिळवायला थोडा वेळ घेतला तर चालेल का. बहुतेक हो म्हणतील, पण महिनोन्महिने नको.

टीबी अजिबात नव्हता असंही समजू नका. सिलिका गेलेल्या फुप्फुसात टीबी जास्त होतो, दोन्ही एकत्र असू शकतात. म्हणून थुंकीची सीबीनॅट आणि कल्चर (टीबीचे जंतू शोधणाऱ्या तपासण्या) पुन्हा करा. एक्सरेवरून तिसऱ्यांदा औषधं सुरू करू देऊ नका. एक्सरे वाचणाऱ्याला सांगा की आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या वर्गीकरणाप्रमाणे वाचून द्या. त्यात बारीक दाण्यांची घनता 0 ते 3 अशी आणि मोठ्या गाठी अ, ब, क अशा लिहितात. दाव्यात तीच भाषा चालते.

बिडीबद्दल श्रीकांत यांनी लिहिलं. बिडीने फुप्फुस खराब होतं हे खरंच, पण कोळशाच्या धुळीनेही एम्फिसीमा होतो, न ओढणाऱ्यालाही. आणि बिडीने असे दाणे आणि अशा गाठी तयार होत नाहीत. वेल्सच्या खाणींमधल्या कामगारांचा अभ्यास दुसऱ्या महायुद्धाच्या काळात झाला आणि ब्रिटनने 1943 मध्ये हा आजार भरपाईसाठी मान्य केला. तेव्हा "सगळं बिडीनेच" म्हणणाऱ्याला सीटीतले दाणे दाखवा.

आता करायचं काय. गाठी विरघळवणारं औषध नाही, फुप्फुस धुऊन देतो म्हणणाऱ्यांपासून लांब राहा. स्पायरोमेट्री, वायूंची देवाणघेवाण मोजणारी डीएलसीओ तपासणी आणि सहा मिनिटं चालण्याची चाचणी करून घ्या. चालताना बोटावरच्या ऑक्सिमीटरवर आकडा किती खाली जातो ते बघणं महत्त्वाचं, बसून घेतलेला आकडा फसवतो. फ्लू आणि न्युमोकोकसची लस द्या. पाय सुजत असतील तर लगेच सांगा, हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण आल्याची ती खूण असते. सांधे दुखत असतील तर तेही सांगा. संधिवात असलेल्या खाणकामगारांत गाठींचा एक वेगळा प्रकार दिसतो, त्याला कॅप्लन सिंड्रोम म्हणतात.

सविता_वणी

विषय काढलाच आहे म्हणून विचारते. माझा भाऊ ठेकेदाराकडे होता, कोळसा भरायच्या सायडिंगवर. क्रशरखाली सांडलेला कोळसा झाडून गोळा करायचा, बारा-बारा तास. ठेकेदार बदलला की नवं नाव, नवा कागद, आणि मधल्या काळात कागदच नाही. आता 44 वर्षांचा आहे आणि पाण्याची बादली उचलवत नाही. ठेकेदार म्हणतो, तो माझ्याकडे होताच कुठे? आजवर कोणी त्याचा एक्सरे काढला नाही. मेघनाताईंच्या बाबांकडे निदान सर्व्हिस रेकॉर्ड तरी आहे. आमच्यासारख्यांनी काय दाखवायचं?

जुना_ओव्हरमन

सविताताई, तुमचं प्रकरण अवघड आहे हे खोटं बोलून लपवत नाही. पण हात टेकू नका. 2025 पर्यंत लागू असलेल्या 1923 च्या कायद्याचं 12 वं कलम बघा. ठेकेदारामार्फत काम करून घेतलं तरी भरपाईची जबाबदारी मूळ मालकावर टाकता येते, मग त्याने ती ठेकेदाराकडून वसूल करावी. म्हणून दावा करताना फक्त ठेकेदाराला धरू नका.

पुराव्याचं म्हणाल तर भावाला खाणीत पाय ठेवण्याआधी ट्रेनिंग झालं असेल. 1966 च्या नियमांनी ते सक्तीचं आहे, ठेकेदारी कामगारालाही. व्हीटीसीचं (खाणीच्या ट्रेनिंग सेंटरचं) सर्टिफिकेट घरात कुठेतरी असेल, नसेल तर ट्रेनिंग सेंटरच्या नोंदीत. गेटपास, पी.एफ. कापला असेल तर त्याचा नंबर, बँक पासबुकात ठेकेदाराच्या नावाने आलेला पगार, आणि सोबत काम केलेल्या दोन-तीन जणांची प्रतिज्ञापत्रं. गेटपास हरवला असेल पण मोबाइलमध्ये हेल्मेट घातलेला सायडिंगवरचा फोटो असेल, तर तोही ठेवा, तारखेसकट. आणि आधी एक्सरे काढा. नागपूरला मेडिकलच्या (सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या) छातीरोग विभागात जा आणि केसपेपरवर कामाचा इतिहास लिहून द्यायचा आग्रह धरा. नुसतं "मजूर" लिहिलं तर पुढे काहीच सिद्ध होत नाही. "क्रशरखाली कोळसा झाडणे, इतकी वर्षं" असं पाहिजे.

मेघना_पुणे

सगळ्यांचे मनापासून आभार. काका, तुम्ही सांगितलंत तसं बाबांना विचारलं. पहिल्यांदा चिडले. मग मी एवढंच म्हटलं, "तुमचा सरदार कोण होता तेव्हा?" आणि ते दोन संध्याकाळी बोलत राहिले, मध्ये दम घेत. छतातलं ड्रिलिंग 1996 पासून बारा-तेरा वर्षं केलंय. हे आम्हाला घरात कोणालाच माहीत नव्हतं. स्टोअरला का पाठवलं, तेही आत्ता कळलं. एका तपासणीनंतर डॉक्टरने "वरचं हलकं काम" लिहून दिलं होतं. का, ते कोणी सांगितलं नाही आणि बाबांनी विचारलं नाही.

स्पायरोमेट्री झाली, बरीच कमी आहे. चालताना ऑक्सिजन 84 पर्यंत खाली आला, बसल्यावर 91. थुंकी सीबीनॅटला दिली आहे. जुने एक्सरे येईपर्यंत डॉक्टर बायॉप्सीसाठी थांबायला तयार आहेत, पण दीड महिन्यानंतर पुन्हा सीटी करू म्हणाले. घरी ऑक्सिजनचं मशीन घ्यावं का? आणि उन्हाळ्यात बाबांना गावी जायचंय. चंद्रपूरला उन्हाळ्यात पारा 45 च्या वर जातो आणि वीज जाते.

छातीरोग_नागपूर

चालताना 84 म्हणजे चालताना ऑक्सिजनचा विचार करावाच लागेल. बसून 91 असताना चोवीस तास लावायची गरज बहुतेक नसते. विश्रांतीत 88 किंवा त्याखाली स्थिर राहिला तर दिवसाचे किमान पंधरा तास लावतात. नेमका किती लिटर हे धमनीतलं रक्त तपासून डॉक्टर ठरवतील, दुकानदार नव्हे. पाच लिटरचं कॉन्सन्ट्रेटर घरात पुरेल, पण ते विजेवर चालतं. गावी जाणार असाल तर सोबत एक भरलेला सिलिंडर आणि इन्व्हर्टर हवाच. मे महिन्यात पाठवू नका, पावसाळा लागल्यावर पाठवा. गावच्या घरी चूल पेटत असेल तर ती आधी बंद करा, आणि ऑक्सिजन चालू असताना खोलीत उदबत्तीही नको.

"वरचं हलकं काम" लिहिलेला तो कागद कुठल्याही परिस्थितीत मिळवा. त्या तपासणीत डॉक्टरला काहीतरी दिसलं होतं.

जुना_ओव्हरमन

मी तेच लिहायला आलो होतो. त्या तपासणीचं साल बाबांकडून पक्कं करून घ्या आणि माहिती अधिकाराच्या अर्जात नेमकं मागा: त्या सालचा फॉर्म ओ, त्या सालचा एक्सरे आणि त्याचं वाचन, काम बदलल्याचा आदेश, आणि प्रकरण न्युमोकोनिओसिस मेडिकल बोर्डापुढे नेलं होतं का याची नोंद. "सर्व वैद्यकीय कागदपत्रे द्यावीत" असं मोघम लिहिलं तर मोघम उत्तर येतं. दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर जोडा, रजिस्टर पोस्टाने पाठवा, पोचपावती सांभाळा. तीस दिवसांत उत्तर यायला हवं, नाही आलं तर पहिलं अपील त्याच कंपनीतल्या वरिष्ठ अधिकाऱ्याकडे. आमचा मसुदा तुम्हाला व्यक्तिगत निरोपात पाठवतो, सविताताईंनाही पाठवतो.

अर्ज बाबांच्याच नावाने करा आणि सहीही त्यांचीच घ्या. मुलीच्या नावाने केला तर दुसऱ्याची खाजगी वैद्यकीय माहिती म्हणून परत पाठवतात, आणि मग महिना वाया जातो.